अस्पष्ट आदेशाचा भार कोणी वाहायचा?

पुण्यात माहिती-तंत्रज्ञान, विमा-दावे, लेखा आणि आकडेवारीचे विश्लेषण अशा क्षेत्रांत नोकरी करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आज अशा वरिष्ठाच्या हाताखाली काम करतो, ज्याच्याबरोबर तो एका खोलीत क्वचितच किंवा कधीच बसलेला नाही. वरिष्ठ न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा बेंगळुरूत असतो. काम करणारा कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात किंवा वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसलेला असतो. या नात्यात जे बिनसते त्याची चर्चा आपण बहुतेक वेळा स्वभावाच्या भाषेत करतो. ‘मॅनेजरच तसा मिळाला’, ‘त्याला सांगण्याची रीतच नाही’, ‘चांगला वरिष्ठ मिळायला नशीब लागते’, असे म्हणून विषय मिटवला जातो. मला ही भाषा घातक वाटते. दूर बसलेला वरिष्ठ काम कसे सांगतो, विचारलेल्या प्रश्नाला केव्हा उत्तर देतो आणि दिलेला शब्द कुठे नोंदवतो, या गोष्टी पगार, सुट्टी आणि कामाचे तास यांच्याइतक्याच नोकरीच्या अटी आहेत, आणि त्यांची जबाबदारी संस्थेने घेतली पाहिजे.

हा प्रश्न इतक्या तीव्रतेने का उभा राहिला, हे पाहायचे तर २०२० सालाकडे जावे लागते. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले आणि त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील इमारती रिकाम्या झाल्या. त्यानंतर शासनाने परवानग्यांचे काम बऱ्यापैकी वेगाने केले. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२१ मध्ये बीपीओ (इतर कंपन्यांची कामे बाहेरून करून देणाऱ्या) क्षेत्रावरील जुने निर्बंध सैल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत ४३-अ हा नियम घालून घरून काम करण्याला चौकट दिली गेली. या सर्व तरतुदी जागा, यंत्रसामग्री आणि जोडणी यांविषयी होत्या. कंपन्यांनीही लॅपटॉप, इंटरनेटचा भत्ता आणि माहितीची सुरक्षितता यांवर पानेच्या पाने धोरण लिहिले. आदेश कसा द्यावा, यावर मात्र कुठेच काही लिहिले गेले नाही, कारण ते व्यवस्थापकाला येतच असणार असे गृहीत धरले गेले.

ते गृहीतक चुकीचे होते. कार्यालयातही अनेक व्यवस्थापक अर्धवट सूचना देत असत. परंतु एकाच मजल्यावर असल्यामुळे त्या सूचनेची डागडुजी होत असे. हाताखालचा माणूस पाच मिनिटांनी त्यांच्या टेबलाशी जाऊन ‘सर, म्हणजे नेमके कोणते आकडे?’ असे विचारू शकत होता, चहाच्या टपरीवर सहकाऱ्याकडून खरा रोख समजून घेऊ शकत होता, वरिष्ठाचा चेहरा पाहून आजचे काम खरोखर तातडीचे आहे की नाही हे ओळखू शकत होता. अंतर आले तेव्हा ही डागडुजी थांबली आणि मूळची अस्पष्टता तेवढी उघडी पडली.

समजा, कर्वेनगरमधून काम करणाऱ्या एका विश्लेषक मुलीला गुरुवारी दुपारी चार वाजता संदेश येतो: ‘तो रिपोर्ट जरा बघून घे, उद्या लागेल.’ कोणता रिपोर्ट, मागच्या तिमाहीचा की महिन्याचा. ‘बघून घे’ म्हणजे चुका तपासायच्या की नव्याने मांडायचा. ‘उद्या’ म्हणजे तिचा शुक्रवार सकाळ की वरिष्ठाचा शुक्रवार सकाळ, जो पुण्यात संध्याकाळी सुरू होतो? ती तिन्ही प्रश्न लगेच विचारते. उत्तर येत नाही. नाव हिरव्या ठिपक्यासह दिसत राहते. सहा वाजता ती दोन्ही शक्यता धरून दोन वेगवेगळे रिपोर्ट तयार करायला बसते, कारण चुकीचा रिपोर्ट देण्यापेक्षा दुप्पट काम करणे तिला सुरक्षित वाटते. रात्री अकराला दोन्ही पाठवते. सकाळी उत्तर दिसते: ‘यातले काहीच नको होते, क्लायंटच्या स्लाइडसाठी तीन आकडे हवे होते.’ या पाच तासांची नोंद कोणत्याही टाइमशीटमध्ये होणार नाही. वरिष्ठाने वाचवलेली दोन मिनिटे आणि कनिष्ठाने घातलेले पाच तास, असा हा व्यवहार आहे, आणि तो आठवड्यातून अनेकदा, अनेक घरांत होत असतो.

तक्रारींमध्ये सर्वांत जास्त ऐकू येते ती उद्धटपणाची: ग्रुपमध्ये सर्वांसमोर झापले, नाव घेऊन टोमणा मारला, मोठ्या अक्षरांत लिहिले. ती तक्रार खरी आहे आणि सर्वांसमोर केलेला अपमान कोणीही सहन करू नये. तरीही मला दुसऱ्या एका प्रकारचा वरिष्ठ अधिक नुकसान करणारा वाटतो, आणि तो बहुधा गोड बोलणारा असतो. तो कधीही आवाज चढवत नाही, पण महत्त्वाचे काहीही लिहून देत नाही. फक्त ‘हाय’ किंवा ‘आहेस का?’ असे लिहून अर्धा तास गप्प राहतो आणि समोरच्याला त्या अर्ध्या तासात दुसरे काहीही करता येत नाही. निर्णय नेहमी फोनवर देतो. पंधरा दिवसांनी तो निर्णय चुकला की ‘मी असे म्हटलेच नव्हते’ म्हणतो, आणि खोटेपणाने म्हणत नाही, त्याला खरोखरच आठवत नसते. एकाच कामाचा एक तुकडा ईमेलवर, दुसरा टीम्सवर आणि तिसरा रविवारी व्हॉट्सॲपवर देतो. आधीचे काम रद्द झाले हे न सांगता नवे काम सांगतो. आणि सर्वांत जड भाग म्हणजे, विचारलेल्या प्रश्नावर मौन पाळतो. कडक शब्दांत पण स्पष्ट लिहिणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखालच्या माणसाला निदान आपण कुठे उभे आहोत ते कळते. मौनाच्या हाताखालच्या माणसाला ते अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या, दिवशी कळते.

लिहिलेले वाचणाऱ्याला कसे पोहोचते याविषयी आपला अंदाज किती चुकतो, याचा अभ्यास झालेला आहे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर लिहायला सांगितली होती. लिहिणाऱ्यांचा अंदाज होता की वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा ओळखला गेला, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते त्यापेक्षा थोडासाच अधिक. लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःचा आवाज घुमत असतो आणि तो आवाज कागदावर उतरलेला नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. लॉरा जर्ज आणि व्हेनेसा बोन्स यांच्या २०२१ च्या अभ्यासातून दुसरी बाजू दिसते: कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडीच्या नसलेल्या ईमेलला किती लवकर उत्तर अपेक्षित आहे, याचा अंदाज घेताना ईमेल मिळालेला माणूस पाठवणाऱ्याच्या खऱ्या अपेक्षेपेक्षा जास्त घाई गृहीत धरतो. ‘याला सावकाश उत्तर दिले तरी चालेल’ एवढे एक वाक्य पाठवणाऱ्याने जोडले तर तो ताण कमी होतो, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे अनेकदा वरिष्ठाचा हेतू वाईट नसतोच. मात्र हेतू चांगला असल्याने कर्वेनगरमधल्या त्या मुलीचे पाच तास परत येत नाहीत, आणि म्हणूनच हा प्रश्न हेतूंवर सोडता येत नाही.

दुरून कारभार चालवण्याची शिस्त पुण्याला अनोळखी आहे असेही नाही. अठराव्या शतकात याच शहरातून दिल्लीपासून कर्नाटकापर्यंतच्या मोहिमांना आणि कमाविसदारांना, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना, हुकूम जात, आणि उत्तरेतून पत्र यायला आठवडे लागत. पेशवे दफ्तरातील मोडी कागद वाचणाऱ्यांना त्या पत्रांची ठेवण परिचित आहे. आरंभी ‘पत्र पाठविले ते पावले, लिहिले वर्तमान कळले’ असे म्हणून आलेले पत्र मिळाल्याची पोच दिली जाते. त्या पत्रात काय लिहिले होते ते थोडक्यात पुन्हा सांगितले जाते. मग त्यावरचा निर्णय किंवा आज्ञा येते. तिथी नोंदवलेली असते. खरमरीत पत्रे त्यांत कमी नाहीत, हाताखालच्याला स्पष्ट शब्दांत दोष दिलेला आढळतो. परंतु तुमचे म्हणणे पोहोचले, ते आम्ही असे समजलो आणि आता तुम्ही हे करावे, या तीन गोष्टी वाचणाऱ्याला त्यात मिळतात. जासुदाच्या (पत्रे नेणाऱ्या निरोप्याच्या) पायांवर चालणाऱ्या कारभाराने जी गोष्ट आवश्यक मानली होती, ती क्षणात पोहोचणाऱ्या संदेशांच्या काळात आपण गाळून टाकली. संदेश लवकर पोहोचतो म्हणून तो समजलाही असणार, असे आपण मानू लागलो.

आता कायद्याकडे पाहू. कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून अमलात आहे. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस वरिष्ठांनी वेळेबाहेर संपर्क साधण्यावर बंधन घातले. ऑस्ट्रेलियात असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी सदस्य विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले होते. हिंजवडीचा परिसर त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र १९७० नंतर संसदेत एकही खासगी सदस्य विधेयक कायदा झालेले नाही, त्यामुळे त्या मार्गाकडून फार आशा ठेवण्यात अर्थ नाही. या हक्काला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तो मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तो संदेश केव्हा यावा एवढेच ठरवतो. वर सांगितलेला संदेश दुपारी चार वाजता, म्हणजे पूर्णपणे कार्यालयीन वेळेत आला होता. रात्र खाल्ली ती त्या संदेशातल्या अपुरेपणाने.

वेळेच्या बाबतीतही आपला अस्तित्वात असलेला कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याकडून तिच्या संमतीशिवाय काम करून घेता येत नाही, आणि संमती असेल तर संरक्षणाची व्यवस्था करावी लागते. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात बरोबर रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे तिथल्या वरिष्ठाची दिवसातली पहिली ‘छोटीशी’ बैठक पुण्यातील स्त्रीसाठी कायद्याच्या दृष्टीने रात्रीचे काम असते. कार्यालयात असती तर तिला घरी सोडायला गाडी लागली असती, नोंदवहीत नाव लागले असते. ती स्वयंपाकघराच्या दाराशी कानाला हेडसेट लावून बसलेली आहे, म्हणून कोणी काही विचारत नाही. अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास सरकतात. त्या आठवड्यात पुण्यातील बैठक एक तास अलीकडे-पलीकडे जाते, आणि मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे, रात्रीचे जेवण हे सगळे तिने न सांगता जुळवून घ्यायचे असते. ‘आता तुमच्याकडे वेळ बदलेल, चालेल का?’ असे विचारणारे वरिष्ठ आहेत. ज्यांना ते मिळाले आहेत त्या स्त्रिया ही गोष्ट आवर्जून सांगतात, यावरून ती किती दुर्मीळ आहे ते कळते.

मग अस्पष्टतेला नियमाच्या कक्षेत आणता येईल का? येईल, आणि त्याची वाट इतरत्र घालून दिलेली आहे. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे हे माहीत नसणे हा कामावरील ताणाचा स्वतंत्र स्रोत आहे, हे मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच मांडले होते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने कामाच्या ताणासाठी जी व्यवस्थापन-मानके ठरवली, त्यांतील सहा क्षेत्रांपैकी एक ‘भूमिका’ हे आहे: कर्मचाऱ्याला आपली भूमिका समजली आहे ना, आणि तिच्यात परस्परविरोधी मागण्या नाहीत ना, हे पाहणे मालकाचे काम मानले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ४५००३ या आंतरराष्ट्रीय मानकातही भूमिकेची अस्पष्टता आणि दूरस्थ काम या दोन्हींची गणना मानसिक आरोग्याला धोका निर्माण करणाऱ्या बाबींत केलेली आहे. चाकणच्या कारखान्यात यंत्राला जाळी बसवलेली नसेल तर आपण कामगाराचा स्वभाव तपासत बसत नाही. पुण्यातील ज्या कंपन्या आपल्या दर्जाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे स्वागतकक्षात लावतात, त्यांनी हे मानक आपल्या व्यवस्थापकांना लागू करण्यात कोणतीही कायदेशीर अडचण नाही.

यावर सर्वांत जास्त दिले जाणारे उत्तर म्हणजे, लोकांना कार्यालयात परत बोलवा, आपोआप सुरळीत होईल. ज्यांचा वरिष्ठही त्याच इमारतीत बसतो त्यांच्यापुरते यात तथ्य आहे, आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना तर मी स्वतः काही दिवस तरी कार्यालयात जाण्याचा सल्ला देतो. परंतु पुण्यातील कितीतरी लोक सकाळी भूमकर चौकातल्या रांगेतून तास-दीड तास वाट काढत हिंजवडीला पोहोचतात, ओळखपत्र दाखवून आत जातात, आणि हेडसेट लावून त्याच न्यू जर्सीतील वरिष्ठाशी बोलतात. परदेशी कंपन्यांनी पुण्यात जी स्वतःची केंद्रे उघडली आहेत, त्यांत तर हाच नियम झाला आहे: संघ येथे, निर्णय तेथे. कर्मचाऱ्याची खुर्ची हलवल्याने वरिष्ठ जवळ येत नाही.

आपल्या बाजूनेही काही बोलले पाहिजे. आपण भिडस्त आहोत. बैठकीच्या शेवटी ‘सर्वांना समजले ना?’ असे विचारले की दहा जण ‘येस’ म्हणतात आणि बैठक संपल्यावर त्याच दहा जणांच्या वेगळ्या ग्रुपवर ‘नक्की काय करायचे आहे?’ हा प्रश्न फिरतो. प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे, हे शाळेतच अंगी बाणलेले असते. फोनवर ठरलेले लगेच लिहून ‘मला समजले ते असे आहे, चूक असल्यास आज सांगावे’ असा संदेश पाठवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. पण हा प्रथमोपचार आहे. तो उपचार म्हणून गौरवला गेला की पुन्हा तोच भार कनिष्ठाच्या खांद्यावर येतो: वरिष्ठाने न लिहिलेले त्याने लिहायचे, वरिष्ठाला न आठवणारे त्याने जपायचे. शिवाय असा संदेश पाठवणाऱ्याला ‘पुरावे गोळा करणारा’ ठरवले जाते, ही भीती निराधार नाही.

वरिष्ठही बहुधा दुष्ट नसतो. पुष्कळदा तो आपल्यातलाच असतो, आठ-दहा वर्षे उत्तम कोड लिहिला म्हणून ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटच्या ठिकाणी, गेलेला आणि मग पंधरा माणसे हाताखाली मिळालेला. माणसांना काम कसे सांगायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही, त्याच्या वरचाही त्याला ‘हाय’ लिहून गप्प बसतो. म्हणूनच व्यक्तीला दोष देऊन थांबणे मला अपुरे वाटते.

कंपन्यांनी करायचे ते खर्चिक नाही. नेमणूकपत्रात कामाचे तास कोणत्या देशाच्या वेळेनुसार आहेत आणि घड्याळ बदलते त्या आठवड्यांत काय होईल हे लिहावे. काम, मुदत आणि प्राधान्यक्रमातील बदल एका ठरावीक ठिकाणीच नोंदले जातील आणि तिथे नसलेल्या कामासाठी कोणालाही जबाबदार धरले जाणार नाही, असा नियम करावा. या नियमाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण त्याशिवाय पहिला कागदावरच राहतो. कनिष्ठाने विचारलेल्या प्रश्नाला ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यास तेवढी मुदत आपोआप पुढे जावी. आणि वरिष्ठाच्या पगारवाढीचा काही भाग त्याच्या हाताखालच्यांनी नाव न देता केलेल्या मूल्यमापनावर अवलंबून असावा, ज्यात ‘हा माणूस चांगला आहे का’ असे न विचारता ‘गेल्या महिन्यात चुकीच्या समजुतीमुळे तुम्हाला किती वेळा काम पुन्हा करावे लागले’ असे विचारले जावे. पाच जणांच्या संघात निनावीपणा टिकत नाही, त्यामुळे अशी उत्तरे अनेक संघांची एकत्र करूनच पाहावी लागतील.

शासनाकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे, पण ठाम आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा करण्यास मान्यता दिली. तासांचा विचार करायला वेळ काढला गेला, तर घरातून केलेल्या रात्रीच्या कामाची नोंद कशी व्हावी याचाही विचार त्याच टेबलावर व्हायला हवा होता. पदनामात ‘मॅनेजर’ किंवा ‘लीड’ हा शब्द आला की माणूस स्वतःला या संरक्षणाबाहेरचा समजू लागतो, आणि एचआर विभागही ती समजूत दूर करत नाही. कोणाला कायदा लागू होतो हे कामगार विभागाने सोप्या मराठीत प्रसिद्ध करावे आणि घरून काम करणाऱ्यांच्या तक्रारी स्वीकारण्याची स्वतंत्र सोय करावी.

असे नियम मागितले तर काम दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात जाईल, अशी भीती मला वरिष्ठ पदावरील मित्रांनी घातलेली आहे. पुण्याकडे काम आले ते येथे अभियंते तयार होतात, ते इंग्रजीत व्यवहार करू शकतात आणि त्यांचा पगार तिकडच्यापेक्षा कमी असतो म्हणून. यांतील एकही कारण वरिष्ठाने स्पष्ट लिहिल्याने नाहीसे होत नाही. उलट, दोनदा केलेल्या कामाचे तास शेवटी कंपनीच्याच खात्यातून जातात, फक्त ते कुठे गेले हे ताळेबंदात दिसत नाही. नोकरी सोडून गेलेल्या अनुभवी माणसाच्या जागी नवा माणूस तयार करण्याचा खर्च मात्र दिसतो, आणि जाताना त्याने एचआरच्या अर्जावर ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते.